देवाचा वाटा

"रुचा, मी उद्या उपदेश करणार नाही... करूच शकत नाही!"

अनयनं हे सांगितलं ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आणि इतक्या हळू, की कुकरच्या एका शिट्टीत ते सहज विरून गेलं असतं. पण शिट्टी झाली नाही, आणि रुचानं ते ऐकलं. निवडता निवडता कोथिंबिरीची काडी तिच्या बोटांतच राहिली. पलीकडच्या खोलीत त्यांची आई, चारुलताबाई, अनयचा पांढरा झगा इस्त्री करत होत्या आणि गुणगुणत होत्या. गुणगुणणारच, कारण उद्या रविवारी चेन्नईतल्या वेलचेरीच्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण होता आणि त्यांचा थोरला, त्यांनी देवाला वाहिलेला मुलगा, पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होण्यासाठी सेमिनरीतलं शिक्षण संपत आलेला त्यांचा अनय, आयुष्यातला पहिला उपदेश करायला उभा राहणार होता.

ह्या एका दिवसासाठी त्या माउलीनं उभा जन्म वेचला होता म्हटलं तरी चालेल. लग्नानंतर कितीतरी वर्षं कूस उजवली नव्हती. नगरकडची ही सातपुत्यांची सून, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी मद्रासला आलेली... भाषा परकी, माणसं परकी, आणि घरात पाळणा नाही! तेव्हा तिनं गुडघे टेकून नवस केला होता, 'प्रभू, मला पहिलं मूल दे, ते तुझंच! मी त्याला तुझ्या सेवेला देईन.' अनय झाला, आणि त्या दिवसापासून तो घरातला देवाचा वाटा झाला. ताटातला चांगला तुकडा त्याचा. खिडकीजवळचा पलंग त्याचा. देवाच्या माणसाला कुणी भाजी आणायला पाठवतं का, असं म्हणून पिशवी रुचाच्या हातात.

रुचा दोन वर्षांनी झाली. भाजीवाली वर कडीपत्ता घालते ना, तशी देवानं ही मला वर घातली, असं चारुलताबाई कौतुकानं सांगायच्या. सगळे हसायचे, रुचाही हसायची. वर घातलेल्या कडीपत्त्याला काय हवं, हे मात्र कुणी विचारत नसतं, आणि तेही कुणाच्या ध्यानात येत नसतं.

"कधीपासून ठरवलंयस हे?" रुचानं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"जूनपासून. सेमिनरी मी जूनमध्येच सोडली." अनयनं मान खाली घातली. "चेंगलपट्टूजवळ एक मिशनचा दवाखाना आहे. तिथं काम करतोय. ज्यांचे पाय बधिर झालेत ना, कुष्ठरोगानं, मधुमेहानं, त्यांच्यासाठी मी चपला बनवतो."

"चपला!"

"हळू बोल ना... आई ऐकेल."

तिनं त्याचा हात धरून त्याला जवळजवळ ओढतच बाल्कनीत नेलं आणि दार लोटून घेतलं. खाली शेअर ऑटोवाला गिंडी, गिंडी म्हणून ओरडत होता. आणि इतके दिवस, इतकी वर्षं जे शांतपणे मनाच्या तळाशी बसलं होतं, ते सगळं एका क्षणात उसळून वर आलं.

"तू देवाचा म्हणून मी आईची झाले, दादा!" ती म्हणाली. "पप्पा गेले तेव्हा मला पुण्याला शिकायला जायचं होतं. गेले नाही, कारण तू देवाचा! इथंच शोळिंगनल्लूरला नोकरी धरली, कारण घर चालायला हवं आणि तू देवाचा! मकरंदची आई मला मागणी घालायला आली, तेव्हा मी ह्याच स्वयंपाकघरात उपम्याला फोडणी देत होते. बाहेर आईनं उत्तर देऊन टाकलं, 'अनय देवाचा, मग म्हातारपणी माझं रुचाशिवाय कोण?' मला हाकसुद्धा मारली नाही रे! मी बशा घेऊन बाहेर आले तेव्हा माझ्या लग्नाचं बोलणं संपलं होतं... आणि आता तू म्हणतोस, तू देवाचा नाहीसच?"

मकरंद त्यांच्याच मंडळीतला. पेरुंगुडीच्या ऑफिसातून बदलून पुण्याला गेलेला, शांत, थोडा लाजाळू. त्यानं अजून दुसरीकडे जमवलं नव्हतं. ह्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता, 'रुचा, घरचे आता थांबायला तयार नाहीत. रविवारपर्यंत मला एकदाच सांग. हो किंवा नाही. पण ह्या वेळी उत्तर तुझं पाहिजे.' नाही असंच सांगायचं तिनं ठरवलं होतं. आईला एकटं टाकून जाणार कुठं?

अनयच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं ते पुसलं नाही.

"तुझ्यापुढं मी गुन्हेगारच आहे," तो म्हणाला. "पण एक ऐक. सेमिनरीतून आम्हाला त्या दवाखान्यात पाठवलं होतं, रुग्णांसाठी प्रार्थना करायला. मी हातात पुस्तक घेऊन उभा होतो. तिथं एक माणूस जमिनीवर बसून एका आजोबांच्या पायाचं माप घेत होता. तळवा हातात धरून, उजेडाकडे वळवून, बोटांच्या बेचक्या बघत होता... आणि मला एकदम तू दिसलीस, रुचा! आपल्या मोरीशी बसलेली, आईचा पाय मांडीवर घेतलेली. मला प्रार्थनेतला एक शब्द सुचेना. सेवा सेवा म्हणून मी इतकी वर्षं ज्याचा अभ्यास करत होतो, ते मी घरी आलो की रोज बघत होतो आणि शेजारून जेवायला जात होतो! त्या दिवशी मी पुस्तक खाली ठेवलं आणि त्या माणसाला म्हणालो, मला शिकवाल का?"

रुचाला ते खरं वाटेना.

कारण त्या एका गोष्टीला सेवा म्हणावं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चारुलताबाईंना मधुमेहानं ग्रासलं, आणि हळूहळू त्यांच्या पावलांतली जाणीवच गेली. खडा रुतला तरी कळत नसे, चटका बसला तरी कळत नसे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर रुचा घमेल्यात कोमट पाणी घेई, स्वतःचं कोपर बुडवून ते फार गरम नाही ना हे बघे, आईचे पाय धुई, बोटांच्या मधून टिपून कोरडे करी, कुठं ओरखडा, कुठं फोड आलाय का ते न्याहाळून पाही आणि तेल लावी. हे काय कुणाला सांगायचं असतं? मंडळीत पाळकसाहेब एकेकाला विचारायचे, आपली प्रभूसाठी सेवा कोणती? कुणी गायनमंडळात, कुणी संडे स्कूलला शिकवणारं, कुणी आजाऱ्यांना भेटी देणारं. रुचाची पाळी आली की ती ओशाळून हसायची, 'माझी काही नाही हो, मला वेळच होत नाही.' घरी येऊन कितीदा ती रडली होती, की प्रभू, माझा तुला काहीच कसा उपयोग नाही?

बाल्कनीचं दार उघडलं. चारुलताबाई उभ्या होत्या, इस्त्री केलेला झगा दोन्ही हातांवर आडवा घेऊन.

"कसल्या चपला?" त्यांनी विचारलं.

अनयनं सांगितलं. काहीही न लपवता, आईच्या डोळ्यांना डोळा देऊन सगळं सांगितलं. खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं एक जोड काढला, करड्या मऊ रबराच्या तळाचा, रुंद पट्ट्यांचा. "तुझ्यासाठी केलाय, आई. तुझ्या जुन्या चपलांवरून माप घेतलं मागच्या खेपेला. ह्याच्या तळातून काटा जात नाही."

चारुलताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी त्या जोडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुझे पणजोबा गावकुसाबाहेर बसून लोकांच्या वहाणा शिवायचे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा एकेक शब्द कापत होता. "त्यांच्या लेकरांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते कुणी! तुझ्या आजोबांना मिशनच्या शाळेत पाटी मिळाली, ते मास्तर झाले. तुझे पप्पा रेल्वेत साहेब झाले. आणि ह्या घरातला पहिला पाळक तू होणार होतास! हातातली आरी टाकून पुस्तक धरायला आम्हाला तीन पिढ्या लागल्या रे... आणि तू परत वहाणांकडे निघालास?"

"पुस्तक मी टाकलं नाही, आई. रोज उघडतो. आणि पणजोबांना ते काम करायला लावलं होतं. मी ते मागून घेतलंय."

"मी देवाला नवस बोलले होते! त्याला आता काय तोंड दाखवू?" झगा त्यांच्या हातांवरून घसरून खाली पडला. इस्त्रीची घडी मोडली. तो उचलायचंही भान त्यांना राहिलं नाही. रुचाचं मनगट त्यांनी घट्ट धरलं. "निदान तू तरी... तू तरी मला सोडून कुठं जाऊ नकोस गं, रुचा! मला आता तुझ्याशिवाय कुणी नाही!"

त्या धरण्यात किती व्याकुळता होती! आणि रुचाच्या अंतःकरणात काहीतरी मिटत गेलं. आता तर मकरंदला हो म्हणायचा प्रश्नच उरला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "नाही जात, आई."

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी घमेलं घेऊन गेली, तर चारुलताबाईंनी पाय पोटाशी ओढून घेतले. "आज नको," त्या म्हणाल्या. "आज मला कुणी हात लावू नका." पाणी घमेल्यातच निवून गेलं. रुचानं ते मोरीत ओतलं आणि तिथंच थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. आईचा राग आला होता, तसा दादाचाही आला होता. पण त्या सगळ्या रागाच्या वर दादाचं वाक्य तरंगत होतं, 'आणि मला एकदम तू दिसलीस...'

रविवारी मराठी मंडळीला तमिळ उपासना आटोपल्यावरच चर्चचं मंदिर मिळतं. त्यामुळे हंगामाच्या सणालाही सगळे अंगणात ताटकळत उभे होते. कोयंबेडूहून आणलेले भोपळे, केळीचे घड, बँकेतल्या एका साहेबांनी मोठ्या कष्टानं गच्चीत पिकवलेली चार वांगी, सॉफ्टवेअरवाल्या पोरांनी आणलेले बिस्किटांचे खोके. ह्या शहरात शेत कुणाकडे आहे? पण पहिलं फळ देवाचं, ही रीत गावाकडून आली होती आणि ती पाळायची होती. आदल्या दिवशीच्या तमिळ मेळ्याचे मांडव अजून अर्धवट सोडवलेले होते, कडेला सरबताच्या काचेच्या बाटल्यांचा ढीग. तमिळ मंडळीच्या रिवाजाप्रमाणे चपला फाटकाशी काढून सगळे अनवाणी आत जायचे.

"आई, तू पायात मोजे तरी घाल," रुचा म्हणाली. दर रविवारी ती जाड मोजे पिशवीतून आणायची.

"नको," चारुलताबाई म्हणाल्या आणि नारळांची टोपली कडेवर घेऊन चालू लागल्या. कालपासून त्यांचं हेच चाललं होतं. चहा नको, जेवण नको, मोजे नकोत. नवस मोडलेल्या बाईनं आपल्या पायांचे लाड काय करून घ्यायचे, असं त्यांच्या मनात असावं.

अनयनं सकाळीच पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं होतं. ते म्हातारे गृहस्थ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आज मंडळीत बस. उपदेश मी करतो." एवढंच. त्यामुळे अनय मागच्या बाकावर रुचाजवळ बसला होता, साध्या निळ्या सदऱ्यात. आणि पुढच्या बाकांवरून माना वळत होत्या, 'अगंबाई, झगा कुठं? काय झालं?' अशी कुजबुज चालली होती.

अर्पणाची वेळ झाली. एकेका कुटुंबाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. "सातपुते कुटुंब," पाळकसाहेब म्हणाले.

चारुलताबाई उठल्या. एकट्याच उठल्या. मुलांकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. टोपली छातीशी धरून, मान ताठ ठेवून त्या मधल्या वाटेनं वेदीकडे चालू लागल्या. आणि त्यांच्या मागोमाग त्या पांढऱ्या फरशीवर एका आड एक लाल ठसे उमटू लागले.

पहिल्यांदा दिसलं ते गायनमंडळातल्या वाणीला. ती गाता गाता थांबली. "काकू... रक्त! काकू, तुमच्या पायातनं रक्त येतंय!"

चारुलताबाईंना कळेना, ती कुणाला म्हणते. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि फरशीवरचे ते ठसे पाहून त्याही दचकल्या, "अगं, कुणाला लागलं?" असं विचारू लागल्या. स्वतःच्या पायात बोटभर काच शिरली होती आणि त्या विचारत होत्या, कुणाला लागलं!

रुचा धावली. अनय धावला. कोण आधी पोचलं ते सांगता यायचं नाही. वेदीच्या पायरीवर आईला बसवून अनयनं जमिनीवर बैठक मारली आणि तो पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला. रुचानं ओढणी सोडून टाचेच्या वर घट्ट दाबून धरली. "पाणी," अनय म्हणाला, तेव्हा रुचानं वेदीजवळचा तांब्या एका हातानं आधीच पुढं केला होता. तिनं धार धरली, त्यानं हळूच, अगदी हळूच, ती काच ओढून काढली. त्याची बोटं सराईत होती. सारी मंडळी उभी राहिली होती. पाळकसाहेब वेदीवरून खाली उतरून आले होते, पण मध्ये पडले नाहीत.

आणि त्या क्षणी, आईच्या टाचेवर दोन्ही तळवे दाबून धरलेल्या रुचाला एकाएकी असं वाटलं, की रोज संध्याकाळी त्या घमेल्याशी आपण एकट्या कधीच नव्हतो. कुणीतरी जवळ बसलेलं होतं. प्रत्येक वेळी होतं. ज्याला ती रडून विचारायची, माझा तुला काय उपयोग, तो तिथंच तिच्या शेजारी बसून तिचं काम बघत होता! तिचं मन भरून आलं. दादावरचा राग कुठं गेला, ते तिचं तिलाही समजलं नाही.

चारुलताबाई खाली बघत होत्या. त्यांच्या एका पावलावर दोन डोकी वाकली होती. पाय त्यांचा होता, पण वेदना त्यांना होत नव्हती; ती ह्या दोन चेहऱ्यांवर होत होती. त्या बघत राहिल्या, बघत राहिल्या... आणि मग कालपासून कोरडे ठणठणीत असलेले त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "मला मंडळीपुढं बोलायचंय."

"आई, आधी दवाखान्यात जाऊ," रुचा म्हणाली.

"थांब गं. आयुष्यभर तुला थांबवलं, आणखी एक मिनिट थांब." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, माझा अनय मी देवाला दिलेला. सगळ्यांना सांगत फिरले ना मी! पण दिला म्हणाले, आणि त्याला कुठं ठेवायचा, कसा वापरायचा, हेही देवाला मीच शिकवत बसले. देवानं त्याला घेतलाय हो. केव्हाच घेतलाय. मला हवा होता त्या ठिकाणी घेतला नाही, एवढंच... आणि मी काल त्याच्या हातच्या चपलांकडे बघितलं नाही!" अनयच्या केसांवरून त्यांनी हात फिरवला. त्यानं मान वर केली नाही, पाय तसाच धरून ठेवला. त्याचे खांदे हलत होते.

"आणि ही," त्या म्हणाल्या, आणि इथं त्यांचा आवाज फुटला. "ही रुचा. एक मूल देवाला दिलं म्हणून मी मिरवलं, आणि दुसरं देवाला न विचारता, तिला न विचारता, स्वतःसाठी ठेवून घेतलं! त्याचं मला कधी काही वाटलंही नाही. हिला मागणं आलं होतं. चांगल्या घरचं, आपल्याच मंडळीतलं. मी परस्पर नाही म्हणून टाकलं. आत ही माझ्याचसाठी स्वयंपाक करत होती..."

"आई, पुरे ना..."

"नाही, पुरे नाही! माझ्या पायांत जाणीव नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ती फक्त पायांतच गेली होती का, हे मला आज कळतंय. रुचा, माझ्याकडे बघ. तुला काय हवंय गं? मी तुला कधी विचारलंच नाही."

रुचानं तोंड उघडलं. पण ज्या प्रश्नाची सवयच नाही त्याचं उत्तर एकदम येतं थोडंच! तिनं आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. बाकांवर कितीजणींनी पदर डोळ्यांना लावले. मागून वाणीनं मध्येच तुटलेलं गाणं पुन्हा उचललं, आणि एकेक आवाज त्यात मिसळत गेला.

जवळच्या दवाखान्यात टाके पडले, इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई तमिळमध्ये चांगल्याच रागावल्या, आणि चारुलताबाईंनी सगळं निमूट ऐकून घेतलं. घरी येताना धड पायात करड्या रबराची नवी चप्पल होती. गाडीत बसताना त्या अनयला म्हणाल्या, "पट्टा जरा सैल कर रे. बाकी बरी आहे." ती त्यांची शाबासकी होती, आणि अनयला ती पुरली.

संध्याकाळी रुचानं बाल्कनीत जाऊन मकरंदला फोन लावला.

"माझं उत्तर हो आहे," ती म्हणाली. "अजून चालणार असेल तर."

पलीकडून मकरंदनं अगदी जपून विचारलं, "आईंना विचारलंस?"

"आईनंच मला विचारलं," रुचा म्हणाली, आणि हे बोलताना तिला हसूही आलं आणि रडूही आलं.

मग तिला आईची काळजी लागली. लागणारच! पण चारुलताबाई पलंगावर बसून अनयकडून शिकत होत्या, आरसा जमिनीवर कसा ठेवायचा आणि त्यात आपला आपण तळवा कसा बघायचा. "हा बघ, दिसतो की! इतकी वर्षं मी माझे पाय बघितलेच नव्हते. केवढे काळे झालेत गं," त्या म्हणत होत्या. चेंगलपट्टूला लोकलनं रोज जाऊन येऊन करीन, असं अनयनं सांगून टाकलं होतं. "तू पुण्याला गेलीस की पाणी मी गरम करीन," तो रुचाला म्हणाला, "पण कोपर बुडवून बघायचं म्हणजे किती, ते मला नीट दाखव." त्या संध्याकाळी घमेल्याशी ते तिघं होते, आणि घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं.

सोमवारी सकाळी रुचाला जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. ती धडपडत उठली. स्वयंपाकघरात चारुलताबाई स्टुलावर बसल्या होत्या, बँडेज बांधलेला पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून, आणि ओट्यावर चहा उकळत होता.

"आई! डॉक्टरांनी काय सांगितलंय? पाय खाली टेकायचा नाही!"

"टेकला नाही. एका पायावर आले, भिंतीला धरून. ओरडू नकोस." त्यांनी चहा गाळला. त्यांच्याजवळ ओट्यावर एक वाटी होती, पांढरीशुभ्र साखरेनं भरलेली.

रुचा बघत राहिली. ह्या घरात साखर येऊन युगं झाली होती. आईला मधुमेह निघाला त्याच दिवशी रुचानं डबा रिकामा केला होता, आईचा मोह जागा व्हायला नको म्हणून. आणि तेव्हापासून तीही आईबरोबर बिनसाखरेचाच चहा पीत आली होती. तो तिला कधीच आवडला नव्हता. तसं ती कधी म्हणाली नव्हती.

"कुठून आणलीस?"

"शेजारच्या विशालाक्षी मामींकडून मागून घेतली. दारातनंच हाक मारली त्यांना. अय्यो, तुम्हाला कशाला साखर, म्हणून देईनात. म्हटलं, मला नको, माझ्या पोरीला." चारुलताबाईंनी चमचा हातात घेतला. मग तो तसाच धरून त्या थबकल्या. लेकीला जन्म दिला, वाढवली, तिच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत केवढी शरम होती, आणि केवढी माया!

"तू साखर किती घेतेस गं, रुचा?"

रुचानं आपला कप पुढं सरकवला. "दोन चमचे," ती म्हणाली, आणि मग, जरा धीर करून, "...भरून!"